केसपेपरवरची ओळ

कपाळाला चार टाके पडले त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, "बाथरूममध्ये पाय घसरला." नवरा शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मी सांगितलं तेच केसपेपरवर लिहिलं. पुढे कोर्टात त्याच्या वकिलांनी तोच कागद माझ्यासमोर धरला.

नऊ वर्षं मी मार खाल्ला. आई म्हणायची, "दोन लेकरं आहेत, सांभाळून घे बाई." एका रात्री पट्ट्याचा फटका धाकटीला बसला आणि सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, घरगुती भांडण आहे, मिटवा, असं सांगून परत पाठवलं. एनसीची प्रत तेवढी मी मागून घेतली.

तिथून तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेले. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो, ही तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. मला ती तोपर्यंत कुणी सांगितली नव्हती. "मला घटस्फोट हवाय," मी म्हणाले. वकीलबाईंनी विचारलं, "ताई, घटस्फोट मिळेल तेव्हा मिळेल. आज रात्री झोपणार कुठे?"

घर सासूबाईंच्या नावावर होतं, म्हणून मी बॅग भरूनच ठेवली होती. बाईंनी ती उघडायला लावली. सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरातही, सून तिथे नांदत असेल तर, तिला राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं. मालकी मिळत नाही, राहायला मिळतं. मला तेवढंच हवं होतं.

२०२१ च्या जानेवारीत आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. संरक्षण अधिकारी बाईंनी माझी सगळी हकिगत लिहून घेतली. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. माझ्या अर्जाला चौदा महिने लागले. पण अंतरिम आदेश लवकर आला. त्याने हात उगारायचा नाही, मला घराबाहेर काढायचं नाही, मागची खोली माझी आणि मुलांची, शिवाय दरमहा पोटगी. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यालाही कळलं होतं. त्या महिन्यात मी कडी न लावता झोपले.

फौजदारी तक्रारीचाही रस्ता होता. तेव्हाचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. तो मी घेतला नाही. दुसरीने घ्यावा की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

घटस्फोटाचा अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली, क्रूरतेच्या कारणावर. मध्येच त्याच्याकडून निरोप आला : संमतीने मोकळे होऊ, पण पोटगी आणि दागिने सोड. दागिने माझं स्त्रीधन होतं, माझ्या वडिलांनी जमीन विकून केलेलं. मी नाही म्हणाले.

मग उलटतपासणीत केसपेपर निघाला. "बाई, ही ओळ तुम्हीच सांगितलीत ना?" मी हो म्हणाले. नवरा शेजारी उभा होता, हेही सांगितलं. बहिणीला त्या रात्री पाठवलेले फोटो होते, एनसीची प्रत होती. पण माझी केस खरी उभी केली ती शेजारच्या काकूंनी. पंचाहत्तरीच्या काकू आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, भिंत एकच आहे. तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं." इतकी वर्षं त्यांनाही ऐकू येत होतं. त्या माझ्याकडे न बघता रडल्या.

२०२४ मध्ये निकाल माझ्या बाजूने लागला. दागिने मिळाले, दोन बांगड्या सोडून.

तुमच्यापैकी कुणी उद्या टाके घालायला गेलीच, तर नवऱ्याला बाहेर थांबवायला सांगा. डॉक्टरांना खरं कारण सांगा, ते केसपेपरवर लिहून घ्या आणि प्रत माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे. तो पाठ करून ठेवा.