कपिलधार: धबधब्याच्या अलीकडे

फोनवर ‘कपिलधार’ टाकलं की धबधबाच दिसतो. ऑगस्टमधले रील्स, मागे ड्रोन. बीडपासून विसेक किलोमीटर, मांजरसुंब्याजवळ. बालाघाटचं सपाट माळरान बघत जावं आणि अचानक रस्ता दरीत उतरावा, तशी ही जागा.

मी पण धबधब्याकडेच निघालो होतो. आजी म्हणाली, “धार कुठं पळून चाललीय? आधी माउलीचं दर्शन घे.”

माउली म्हणजे संत मन्मथस्वामी. इथे त्यांची समाधी आहे. बसवण्णांची १२व्या शतकातली वचनं कन्नडमध्ये. मन्मथस्वामींनी १६व्या शतकात वीरशैव विचार मराठी ओवीत आणला, ‘परमरहस्य’ लिहिलं. आजी शाळेत गेली नाही, पण त्यातल्या ओव्या तिला पाठ. मला जावा येते, पायथन येतं. त्या ओव्यांतल्या निम्म्या शब्दांवर मी अडतो.

यात्रा भरते कार्तिक पौर्णिमेला. मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या चालत येतात. तोवर पाऊस सरलेला असतो, धार बारीक झालेली असते. म्हणजे खरी गर्दी होते ती धबधब्यात बघण्यासारखं फारसं उरत नाही तेव्हा. हे मला कुठल्याच रीलने सांगितलं नव्हतं.

आजीच्या गळ्यात इष्टलिंग असतं. माझं पुण्याच्या फ्लॅटवर, कपाटात. समाधीसमोर तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. शर्टाची कॉलर तेवढी नीट केली.