एका पंखाचं विमान

महाड-पोलादपूरकडे फौजेत जाणं काही नवं नाही. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात पिढ्यान्पिढ्या सैनिक झाले. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. पण ही परंपरा मुख्यतः पायदळाची. मी हवाई दलात गेलो, तोही एअरफ्रेम फिटर म्हणून. सुट्टीत पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला: "काय रे, विमान चालवतोस ना?" मी सांगायचो, चालवत नाही, विमानाचा सांगाडा बघतो. विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा.

हा सांगाडा कसा घडत गेला, ते मला दिल्लीला बदली झाल्यावर पालमच्या हवाई दल संग्रहालयात कळलं. तिथल्या हरिकेनची मागची बाजू मी फिटरच्या नजरेने बघितली. दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान, पण शेपटीकडचा भाग म्हणजे आत धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. दिवाळीत आपण काड्यांचा आकाशकंदील करतो, तीच रीत. कापडावर डोप नावाचं रोगण चढवायचं. सुकलं की ते कापड आवळून घट्ट होतं. शेजारचं स्पिटफायर मात्र पत्र्याचं. त्यात पत्राच भार पेलतो. १९३५ साली हरिकेन पहिल्यांदा उडालं आणि १९३६ साली स्पिटफायर. मधे जेमतेम चार महिने, पण बांधणीत एका पिढीचं अंतर.

ही दोन्ही विमानं एकपंखी. त्याआधी बराच काळ एका पंखावर फारसा भरवसा नव्हता. दोन पंख एकावर एक ठेवून खांब आणि तारांनी जखडले की कमी वजनात मजबुती मिळते, पण त्याच तारा हवेला अडतात आणि वेग खातात. १९०९ साली ब्लेरिओने एकपंखी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तरी त्याचाही पंख वर-खाली तारांनीच धरलेला होता. अपघात झाले, आणि १९१२ साली ब्रिटिश लष्कराने आपल्या वैमानिकांना अशी विमानं उडवायची बंदी केली. १९१५ साली जर्मनांच्या एकपंखी फोकरने फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडून धाक बसवला; पण तो ओसरल्यावर युद्धाचा उरलेला काळ बहुतेक दुपंख्यांचाच. आतून पुरेसा मजबूत आणि तरी हलका पंख बनवता येईपर्यंत तारा सुटणार नव्हत्या.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ लायसँडरपाशी थांबायचो. पंख एकच, पण खालून तिरक्या दांड्यांचा टेकू. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला ही विमानं मुंबईकरांच्या युद्धनिधीतून मिळाली. मूळ काम टेहळणीचं, पण फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदारांनी या विमानांना बॉम्ब लावून जपानी तळावर हल्ला केला. मजुमदारांचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं. पण टेहळणीच्या विमानाला बॉम्ब लावायचे म्हणजे रात्री कुणीतरी पाना घेऊन त्याच्या पोटाखाली आडवं झालेलं असणार. मला तीच माणसं दिसायची.

माझी बरीचशी नोकरी मिग-२१ वर गेली. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात ही विमानं बनत. तारा नाहीत, टेकू नाही. पंख छोटा, पातळ, त्रिकोणी. आम्ही टॉर्च तिरका धरून रिव्हेटच्या ओळी बघायचो. रिव्हेटभोवती काळसर रेघ उमटली की समजायचं, तो सैल होऊन आत घासतोय. काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नसे. मग विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, म्हणजे फॉर्म ७०० वर, सही. त्या सहीखाली वैमानिक आपली सही करतो आणि निघतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. तो आम्ही घरी टीव्हीवर बघितला. भरतीची तयारी करणारा पुतण्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "काका, वैमानिक तुमच्या सहीवर इतका विश्वास ठेवायचा?" मी म्हटलं, "ठेवायचा. आणि तरीही निघण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारून स्वतः सगळं बघायचा. दोन्ही लागतं."