नाथसागराची बेटे आणि पाहुणे पक्षी

दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही उंद्रीहून चार घरची अकरा माणसे एस.टी.ने निघालो. चिखली, देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि मग पैठण. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणून सगळे कुटुंब नेणे परवडले. सोबत भाकरी-ठेचा, एक दुर्बीण, एक साधा कॅमेरा आणि मुलांचे मोबाईल. मुक्काम एका परिचितांच्या घरी.

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. बुडालेल्या शिवारातल्या उंच जागा पाण्याबाहेर राहिल्या, तीच ही तीसेक लहान बेटे. इथली गावे उठली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हे विसरून नुसते पाणी पाहू नये. पाणी उथळ, काठाला चिखल, मासे, पाणवनस्पती. आणि बेटावर कुत्रे पोचत नाही. म्हणून पाखरे इथे उतरतात. १९८६ साली हे पक्षी अभयारण्य झाले.

सकाळी सूर्य पाठीशी घेऊन काठावर बसलो. मुलांनी नावेतून बेटाजवळ जायचा हट्ट धरला. जाळे आवरणारे एक मामा म्हणाले, "जवळ गेलं की सगळे उडतेत, बाळा. लांबून आलेत ते, बसू द्या." मग दुर्बिणीच्या काचेला मोबाईल टेकवून फोटो काढले. हात हलला की चित्र पुसट, पण दहात दोन चांगले निघाले. मोठ्या भिंगाचा कॅमेरा हवाच असे नाही.

वहीत नावे लिहिणे सुरू झाले. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. शेपटी आपटत काठाने पळणारा धोबी. गावाकडचे आठवून मुलांनी भर घातली: सुतार, शिंपी, खाटीक. तेवढ्यात नारिंगी रंगाची बदकांची जोडी दिसली. कोणीतरी सांगितले, हे ब्राह्मणी बदक. सातवीतल्या मुलीने पेन थांबवले. "काका, पाखरांनापण जाती वाटल्या का?"

आम्ही हसलो, पण उत्तर कोणाजवळ नव्हते. या बदकाला चक्रवाक असेही नाव आहे. लडाख-तिबेटात घरटे करते, हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येते. मुलीने वहीत चक्रवाक लिहिले. धोब्याचे काय करायचे, यावर परतीच्या गाडीत जालन्यापर्यंत वाद चालला. शेवटी "शेपटीहलव्या" ठरले. पुस्तकात ते नाव नाही, आमच्या वहीत आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात देऊळगाव राजाजवळचा संत चोखासागर आणि लोणारचे सरोवर पाहायचे ठरले आहे. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. भाडेही कमी लागेल. वही मात्र तीच नेणार आहोत.