आईची गोळी आणि अकरा तारीख

करसल्लागार म्हणून गेली २२ वर्षे मी घरातूनच एकटीने व्यवसाय करते. कारकून नाही, मदतनीस नाही. सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला जीएसटीआर-१, वीसला जीएसटीआर-३बी. ही माझी व्रते. शेजारच्या खोलीत ८१ वर्षांची आई. तिला कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळीच द्यावी लागते, आणि आमच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे जेवणापूर्वी अर्धा तास. कारण डाळ-दुधातील प्रथिने त्या औषधाच्या शोषणाआड येतात.

गेल्या जानेवारीत अकरा तारखेला माझा फोन सारखा वाजत होता. सर्व सूचनांचा आवाज एकच. मी न पाहताच त्या बोटाने बाजूला सारल्या आणि त्यांतच बाराची गोळी गेली. दोन वाजता आत गेले, तर आई पलंगाच्या कडेला बसलेली. तिला उठायचे होते, पण पाऊल उचलत नव्हते.

"तुझं काम चाललं होतं ना, म्हणून हाक नाही मारली गं," ती म्हणाली.

त्या रात्री मी कामाच्या नियोजनाची साधने धुंडाळू लागले. प्रथम ट्रेलो. 'करायचे', 'चालू', 'झाले' अशा रकान्यांतून कामाची पत्रके सरकवायची. अशिलांच्या कामाला ते फार शोभले. आईच्या बाबतीत मात्र पत्रक 'झाले'मध्ये टाकावे, तोवर पुढच्या गोळीची वेळ होई. मग नोशन. त्यात हवे ते तक्ते रचता येतात, आणि हाच त्याचा धोका! दोन आठवडे मी तक्तेच सजवीत बसले. विवरणपत्रे तशीच पडून राहिली.

अखेर साधे गूगल कॅलेंडर घेतले. त्यात आईसाठी वेगळे, केशरी रंगाचे कॅलेंडर केले आणि ते नाशिकच्या भावालाही दाखवले. डॉक्टरांच्या भेटी, फिजिओथेरपी, गोळ्यांची पाकिटे संपण्याचा दिवस, सारे त्यात. आता भाऊच आठवण करतो, "ताई, गुरुवारी मी येतो, तू तुझं काम कर." हे सुख कोणत्याही तक्त्यात मिळाले नसते. किराण्याची आणि औषधांची यादी कीपमध्ये. ट्रेलो अशिलांपुरते ठेवले. गोळ्यांना मात्र कॅलेंडरच्या सूचनेवर सोडले नाही. फोनच्या घड्याळात चार स्वतंत्र गजर लावले, दुसऱ्या कशालाच नसलेल्या आवाजाचे.

आईचा यापैकी कशावरही विश्वास नाही. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेला दोरीने पेन्सिल बांधून घेतली आहे. गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकटीत थरथरत्या हाताने एक रेघ ओढते. रात्री झोपण्यापूर्वी मी त्या रेघा मोजते. काल पाच होत्या, विचारले, तर म्हणाली, "एक दुधाची आहे."