नोरिकोने काढलेली रजा

काल पुन्हा जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ पाहिला. १९५३ चा, कृष्णधवल. ओनोमिची या बंदराच्या गावातून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला जातात. मुलं वाईट नाहीत, पण त्यांना वेळ नाही. मग दोघांची रवानगी अतामीच्या हॉटेलात. तिथे रात्रभर इतका गोंगाट की डोळ्याला डोळा लागत नाही. रत्नागिरीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडची कितीतरी घरं गणपतीत आणि शिमग्यालाच भरतात, आणि मुंबईला लेकाकडे गेलेली आई आठ दिवसांत परतीच्या गाडीची चौकशी करू लागते.

मला भावते ती नोरिको. युद्धात गेलेल्या मुलाची बायको. पोटची मुलं कामात, आणि ही रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते, शेजारणीकडून साके उसनी आणून सासऱ्यांपुढे ठेवते. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर, जवळजवळ हलतच नाही. नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचं ते हसू बघताना माझा गळा दर वेळी दाटून येतो.

जपानी मालिकाही याच धीरासाठी आवडतात. ‘मिडनाइट डायनर’मध्ये मध्यरात्री उघडणारी खानावळ, एक पदार्थ, एक माणूस, पंचवीसेक मिनिटांत गोष्ट पुरी. आपल्या मालिका वर्षानुवर्षं ताणतात आणि जेवणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र नीट दाखवत नाहीत, हे मला मनापासून खटकतं. आमच्या रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे बोटीवरून उतरणाऱ्या खलाशांना चहा देणाऱ्या टपरीवर कुणीतरी अशी मालिका करावी. मराठीत, मोजक्या दहा भागांची.