डोळा कुणाचा?

प्रायश्चित्तपीठात बसणाऱ्या धर्मगुरूला ‘मोह’ हा शब्द फार जवळून ठाऊक असतो. जाळीपलीकडचा माणूस तो उच्चारतो तेव्हा बहुधा त्याचा आवाज खाली येतो; मोह आपल्याच आत कुठेतरी दडलेला आहे, हे त्याला कळलेले असते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १६ मार्च २०२१ रोजी २१ वर्षांच्या एका तरुणाने याच शब्दाचा आधार घेऊन आठ माणसांचे प्राण घेतले. अटलांटा शहरातील दोन आणि जवळच्या चेरोकी परगण्यातील एक अशा तीन मसाज पार्लरांत तो पिस्तूल घेऊन गेला. मृतांपैकी सहाजणी आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. चौघी कोरियन, दोघी चिनी. त्यांतील सर्वांत धाकटी ४४ वर्षांची, तर सर्वांत थोरली ७४ वर्षांची.

पकडला गेल्यावर त्याने सांगितले की, आपल्या मनात कोणत्याही वंशाचा द्वेष नाही. आपल्याला कामवासनेचे व्यसन जडले होते, ही ठिकाणे आपल्याला मोहात पाडत होती आणि तो मोह आपल्याला नाहीसा करायचा होता. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या प्रवक्त्याने पत्रकारांना हे कथन ऐकवताना, त्या तरुणाचा कालचा दिवस फारच वाईट गेला होता, असेही म्हटले. वाईट दिवस कोणाचा गेला होता, हे सांगण्याचे राहूनच गेले!

हा तरुण धार्मिक घरातला, बाप्तिस्त मंडळीत वाढलेला. त्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि त्याच्या वासनेचा दोष त्या स्त्रियांकडे कोणत्याही प्रकारे जात नाही, असे निवेदन प्रसिद्ध केले. ते योग्यच झाले. तथापि ‘मोह’ ही वस्तू स्वतःबाहेर, दुसऱ्याच्या देहात ठेवण्याची खोड एकट्या त्या तरुणाची नव्हे. आपल्याकडील कित्येक प्रवचनांतही ती डोकावते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू वासनेने पाहण्याविषयी बोलतो आणि लगेच डोळा उपटून टाकण्याची गोष्ट काढतो. ते बोलणे शब्दशः घ्यावयाचे नसते, हे खरे. पण तो डोळा पाहणाऱ्याचा आहे, याविषयी तिथे तिळमात्र संदिग्धता नाही. जिच्याकडे पाहिले गेले तिला काही उपटायला सांगितलेले नाही.

पण इतक्याने प्रश्न सुटत नाही. मोहाचे घर त्याला आशियाई स्त्रीच्याच ठिकाणी का दिसावे? याचे उत्तर एका तरुणाच्या मनात शोधून सापडणार नाही. त्यासाठी इतिहासाची पाने उलटावी लागतात. १८७५ साली अमेरिकेने ‘पेज कायदा’ केला. चीन, जपान आणि अन्य पौर्वात्य देशांतून अनैतिक हेतूने आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना त्याने बंदी घातली. कागदावर बंदी वेश्याव्यवसायाला होती. व्यवहारात प्रत्येक चिनी स्त्री संशयित ठरली. हाँगकाँगच्या बंदरात जहाजावर चढण्यापूर्वी तिच्या चारित्र्याची उलटतपासणी होई. सरसकट चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा आला १८८२ साली, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. स्त्रीवरचा संशय आधी, वंशावरचा बहिष्कार मागाहून.

पुढे युद्धे झाली. कोरिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम अशा देशांत अमेरिकन छावण्यांभोवती मद्यालयांच्या आणि देहविक्रीच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि लक्षावधी सैनिकांना आशियाई स्त्रीचे पहिले दर्शन तिथेच घडले. यजमान सरकारेही निर्दोष नव्हती. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा वसाहतींना उत्तेजन दिल्याबद्दल आपल्याच सरकारला जबाबदार धरले. कलेनेही हातभार लावला. १९०४ साली प्रथम रंगमंचावर आलेल्या पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या संगीतिकेतील जपानी मुलगी गोऱ्या नौदल अधिकाऱ्याची वाट पाहते आणि अखेर स्वतःच्या हाताने मरते. संगीत अप्रतिम आहे, मी ते अनेकदा ऐकतो. पण ती मेल्यावर आपण टाळ्या वाजवतो, हेही ध्यानात राहते.

तेव्हा अटलांटाचे हत्याकांड वंशद्वेषाचे की स्त्रीद्वेषाचे, हा वाद मला चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. न्यायालयांना मात्र तो घालावा लागतो. चेरोकी परगण्यात त्या तरुणाने जुलै २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला व त्याला सुटकेची सवलत नसलेली जन्मठेप झाली. तेथील सरकारी वकिलांना वंशद्वेषाचा पुरावा आढळला नव्हता. खटला चालला असता तर स्त्रीद्वेषाचा मुद्दा मांडला असता, असे त्या म्हणाल्या. अटलांटातील चार हत्या ज्या फुल्टन परगण्याच्या कक्षेत येतात, तेथील सरकारी वकिलांनी मात्र मे महिन्यातच वंश आणि लिंग ही दोन्ही कारणे न्यायालयापुढे ठेवली होती. गुन्हेगार एक, दिवस एक. परगणा बदलला की कारण बदलते.

हे कोडे जुने आहे. १९७६ साली काही कृष्णवर्णीय स्त्री कामगारांचा जनरल मोटर्सविरुद्धचा दावा अमेरिकन न्यायालयात आला. कंपनी गोऱ्या स्त्रियांना कामावर घेत होती, म्हणून स्त्रियांवर अन्याय नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना घेत होती, म्हणून वंशावर अन्याय नाही. दोन्ही तक्रारी एकत्र जोडता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालावर लिहिताना चौरस्त्याचे उदाहरण दिले. चौकात उभ्या असलेल्या बाईला धडक कोणत्याही दिशेने बसू शकते, कधी एकाच वेळी सर्व दिशांनी. दोष कोणत्या रस्त्याचा, हे नेहमी सांगता येत नाही.

हा चौक आपल्याही गावात आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीत मणिपूरच्या एका तरुणीवर एक माणूस थुंकला आणि तिला ‘कोरोना’ म्हणाला. आमच्या धर्मग्रामात मिस्सेला येणाऱ्या मणिपुरी मुली ब्युटी पार्लरमध्ये काम करतात. रात्री उशिरा त्या स्टेशनवरून परततात तेव्हा ऐकू येणाऱ्या शिवीत पहिला शब्द त्यांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून असतो आणि दुसऱ्यात त्यांचा भाव विचारलेला असतो. त्यांतील एकीचा पाठलाग झाला, तेव्हा तक्रार नोंदवायला मी तिच्यासोबत गेलो. त्या माणसाने काय म्हटले, ते तिने मोडक्या मराठीत दोन्ही शब्दांसह सांगितले. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘छेडछाड’ एवढेच लिहिले. पहिल्या शब्दाचे काय, असे मी विचारले. “फादर, त्याला वेगळा रकाना नाही,” तो म्हणाला.