उशिराचे मोल

घरमालक हा शब्द उच्चारताच आपणा मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे कपाळाला आठ्या घातलेली एक मूर्ती उभी राहते. नाशकातील माझ्या घराच्या माडीवर एक बिऱ्हाड असल्यामुळे त्या मूर्तीशी माझेही दूरचे नाते आहे.

यंदाच्या करारनाम्यासाठी दलालाने आणलेल्या मसुद्यात एक कलम होते : पाच तारखेनंतर भाडे आल्यास दिवसाला १०० रुपये दंड. भाडे दरमहा ८,००० रुपये; म्हणजे महिन्याच्या उशिराला दंड ३,००० रुपये! एवढा दर सांगताना सावकाराचीही जीभ चाचरेल.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करारात दंड कितीही लिहिला, तरी न्यायालय त्या रकमेच्या आत वाजवी भरपाईच देववील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचे १५ वे कलम याहून उदार आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, तिच्यावर द. सा. द. शे. १५ प्रमाणे सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरला आणि पुढेही भाडे नियमित दिले, तर थकबाकीसाठी त्याला घराबाहेर काढता येत नाही. आमच्या लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला हे कलम लागू नाही. परंतु मापटे म्हणून ते मला पटले. ८,००० रुपयांवर त्या दराने महिन्याचे व्याज होते १०० रुपये. दलालाचा एक दिवस म्हणजे कायद्याचा एक महिना!

आणि पाच तारीख तरी कशासाठी? बिऱ्हाडकरूंचा अंबडच्या कारखान्यातील पगार सात तारखेला हाती पडतो. मी मुदत दहा तारीख केली, ‘दंड’ हा शब्द खोडला आणि पुढील उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज लिहिले.

“काका, एवढी सवलत कशाला?” त्यांनी विचारले.

ही सवलत नव्हे. घरपट्टी आणि छपराची दुरुस्ती माझ्यासाठी थांबत नाही. त्या उशिराचे मोल मला हवेच. परंतु शिक्षा करण्याचा अधिकार घराबरोबर मिळत नाही. जबर दंडाच्या धाकाने मनुष्य चपला हातात घेऊन जिना चढू लागतो. अडचणीच्या महिन्यात त्याने सरळ माझ्या दारात येऊन ‘या खेपेस उशीर होईल’ असे सांगावे, एवढी हिंमत त्याच्यापाशी उरली, तर माझे भाडेही सुरक्षित राहते आणि माझा शेजारही.